सहलीच्या बोटीचे भाडे



या मालेत माझ्याआधी संतवाङ्मयावर, ग्रहताऱ्यांवर आणि शेतकऱ्याच्या कर्जावर व्याख्याने झाली. आज कामगार संघटनेतल्या एका माणसाने उभे राहून समुद्रावरच्या चैनीच्या सहलीचे तिकीट स्वस्तात कसे काढावे हे सांगायचे, यात काही जणांना विसंगती वाटेल. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी हाच सांगितला, आणि तो थट्टेने नव्हे. माझी हयात टेबलाच्या एका बाजूला बसून दुसऱ्या बाजूच्या मालकाशी भाव ठरवण्यात गेली. बोटीचे तिकीट हाही एक भावच आहे. दुसरे असे की, आपल्या गावात हल्ली नोकरीतून निवृत्त होणाऱ्या माणसाच्या मनात काशी-रामेश्वराच्या जोडीला एक बोटीची सहलही असते. संघटनेचे सभासद ग्रॅच्युइटीचा पैसा हातात आला की जाहिरातीचा रंगीत कागद घेऊन माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "साहेब, यात मेख कुठे आहे तेवढे बघून द्या." मी सातवीनंतर शाळा पाहिली नाही. इंग्रजी शिकलो ते करारांचे आणि निवाड्यांचे कागद वाचता वाचता. त्यामुळे कोणत्याही कागदावरचा बारीक अक्षरातला मजकूर आधी वाचायचा आणि मोठ्या अक्षरातला मागाहून, अशी मला सवयच लागली आहे. ती आज उपयोगी पडेल.

प्रथम हे भाडे ठरते कसे ते पाहू. कोकणात ज्यांचे बालपण गेले त्यांना 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या बोटी आठवत असतील. भाऊच्या धक्क्यावरून निघून बंदरे घेत गोव्याला जाणाऱ्या त्या बोटींचे भाडे ठरलेले असे. डेकवर चटई पसरणाऱ्या दोघांनी एकच दर दिलेला असे. सहलीच्या बोटीचे तसे नाही. शेजारशेजारच्या दोन सारख्या खोल्यांत राहणाऱ्या दोन कुटुंबांनी भरलेल्या रकमेत दीडपट-दुपटीचे अंतर असू शकते, आणि कंपनीला त्यात काही गैर वाटत नाही.

याचे कारण सोपे आहे. बोट सुटायची त्या दिवशी सुटतेच. कप्तानाचा पगार, तेल, बंदराचा कर, आचाऱ्यांची फौज, हा सारा खर्च बोट भरलेली असो की अर्धी असो, जवळजवळ तेवढाच. बोट सुटताना रिकामी राहिलेली खोली पुन्हा विकता येत नाही. आम्ही कामगार हे फार चांगले जाणतो. आज न विकलेला कामाचा दिवस उद्या विकता येत नाही, म्हणून तर नाक्यावर उभा असलेला मजूर दुपारी बारानंतर निम्म्या मजुरीवर जायला तयार होतो. सहलीच्या बोटीचा मालक हा या एका बाबतीत नाक्यावरच्या मजुरासारखा आहे. फरक एवढाच, की घड्याळ कुणासाठी किती वाजले आहे हे मजुराला लपवता येत नाही, मालकाला येते.

आणि दुसरी गोष्ट. रिकाम्या खोलीत फुकट माणूस बसवला तरी मालकाचे फारसे जात नाही, कारण तो माणूस बोटीवर खर्च करतो. दारू, इंटरनेट, फोटो, जुगाराचे टेबल, बंदरावरच्या सहली हे सारे वेगळ्या पैशाचे. जगातल्या सर्वांत मोठ्या कंपनीचे, म्हणजे कार्निव्हलचे, २०२४ सालचे उत्पन्न सुमारे २५ अब्ज डॉलर होते. त्यातला साधारण एक तृतीयांश भाग तिकिटाचा नव्हता. तो बोटीवरच्या या वरकड खर्चाचा आणि इतर बाबींचा होता. म्हणून बोट शंभर टक्के भरून कंपनीचे समाधान होत नाही. खोलीमागे दोन माणसे हे शंभर टक्के धरतात आणि तिसऱ्या-चौथ्या बिछान्यावर मुले निजवून आकडा शंभराच्या वर नेतात. तिसऱ्या-चौथ्या माणसाचे भाडे इतके कमी का असते, याचे उत्तर इथे आहे. आजी-आजोबांनी नातवंडांना बरोबर न्यायचे असेल तर दोन खोल्या घेण्यापूर्वी हा हिशेब मांडून पाहावा.

आता जाहिरातीचा कागद घेऊ. त्यावर मोठ्या अक्षरांत जो आकडा असतो त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत 'पासून' असा शब्द असतो. हा आकडा माणशी असतो आणि एका खोलीत दोघे राहणार हे गृहीत धरून असतो. बिनखिडकीच्या, आतल्या बाजूच्या खोलीचा असतो. त्यावर बंदराचे शुल्क आणि कर चढतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १ जुलै २०२४ पासून असा कायदा झाला, की जाहिरातीत सक्तीच्या सर्व आकारांसह एकच आकडा दाखवावा. एका राज्याने कायदा केला, आणि बड्या कंपन्यांनी निमूटपणे साऱ्या अमेरिकेत तसा आकडा दाखवायला सुरुवात केली. तोपर्यंत हे अशक्य आहे असे त्या सांगत होत्या की नाही याच्या खोलात मी जात नाही. मालकाला अशक्य वाटणाऱ्या गोष्टी कायद्याने किती लौकर शक्य होतात याचा मला थोडाफार अनुभव आहे. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत थेंबाथेंबाने भाव वाढवत नेण्याच्या या चालीला फसव्या पद्धतींच्या यादीत घातले आहे. तेव्हा एजंटाने सुरुवातीला एक आकडा आणि शेवटी दुसरा सांगितला तर संकोच न करता या तत्त्वांचे नाव घ्यावे.

मी सभासदांना सांगतो, की वहीचे एक पान घ्या आणि त्यावर सहलीचा सगळा खर्च एकाखाली एक लिहा. भाडे, बंदराचे शुल्क, कर, दररोजची बक्षिसी, व्हिसा, विमा, बंदरापर्यंतचे विमान, आदल्या रात्रीचा मुक्काम. खाली बेरीज करा आणि तिला रात्रींनी भागा. दोन सहलींची तुलना करायची ती या शेवटच्या आकड्यावर. असे केल्यावर पुष्कळदा दिसते, की स्वस्त वाटणारी बोट महाग आहे.

स्वस्त भाडे केव्हा मिळते? युरोप-अमेरिकेतल्या कंपन्या जानेवारी ते मार्च या काळात उन्हाळ्याच्या सहलींसाठी सवलती जाहीर करतात. या सवलतींत भाडे कमी होतेच असे नाही. त्याऐवजी वरच्या दर्जाची खोली किंवा बोटीवर खर्चायला काही रक्कम देतात. 'फुकट पेये' हा शब्द आला की सावध व्हावे, कारण काही कंपन्या त्या फुकट पेयांवर सेवाशुल्क मात्र रोख घेतात. हंगामाच्या कडेचे आठवडे स्वस्त असतात. अलास्काच्या सहली साधारण मे ते सप्टेंबर चालतात, त्यांत मेचा आरंभ आणि सप्टेंबर हे दिवस उतरत्या भावाचे. आपल्याकडून निघताना शाळांच्या सुट्ट्या, दिवाळी आणि नाताळ टाळले तर निम्मे काम झाले. निवृत्त माणसाची खरी श्रीमंती हीच, की त्याला कोणत्याही मंगळवारी निघता येते.

अगदी अखेरच्या क्षणी मिळणाऱ्या भाड्याची फार तारीफ ऐकू येते. ती मायामीत किंवा साउदॅम्प्टनला राहणाऱ्यासाठी खरी आहे. धक्क्यापासून दोन तासांवर घर, व्हिसाची कटकट नाही, बॅग भरली की निघाले. आपल्याला ते कसे जमावे? पंधरा दिवस आधी खोली स्वस्त मिळाली तरी विमानाचे भाडे तोवर चढलेले असते आणि व्हिसा मिळालेला नसतो. मुंबईहून सुटणाऱ्या बोटीसाठी मात्र ही युक्ती चालते. २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' ही बोट मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या फेऱ्या करू लागली. बोट १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली, म्हणजे वयाने पोक्त. पण आपल्या माणसाला घरून डबा बांधून धक्क्यावर जाता येते, आणि पहिल्यांदा समुद्र सोसतो की नाही हे पाहायला दोन रात्री पुरेत.

ज्यांना समुद्रच पाहायचा आहे, दुकाने नव्हेत, त्यांना मी बोटीच्या स्थलांतराच्या फेऱ्या सुचवतो. भूमध्य समुद्रातल्या बोटी शरद ऋतूत कॅरिबियनकडे जातात आणि वसंतात परततात. अटलांटिक ओलांडायला दीड-दोन आठवडे लागतात, मधे बंदरे थोडी, म्हणून रात्रीमागे भाडे फार कमी पडते. अडचण ही, की उतरायचे ते तिसऱ्याच खंडावर. परतीच्या विमानाचा खर्च त्या वहीच्या पानावर लिहिल्याशिवाय हुरळू नये. युरोपातून सुवेझमार्गे आपल्या बाजूला येणाऱ्या अशा फेऱ्या आपल्या सोयीच्या होत्या, पण २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर पुष्कळ कंपन्यांनी त्या रद्द केल्या किंवा आफ्रिकेला वळसा घालून नेल्या. असे तिकीट घेताना मार्ग बदलला तर काय, हे लेखी विचारून घ्यावे.

खोलीविषयी थोडक्यात. आतली बिनखिडकीची खोली स्वस्त, आणि माझ्या मते दिवसभर डेकवर बसणाऱ्याला पुरेशी. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्यावरची खोली मागावी. तिथे हेलकावे कमी, आणि गंमत अशी की भाडेही कमी. वरच्या मजल्यावरच्या गॅलरीला पैसेही जास्त आणि पोटात ढवळणेही जास्त. खोलीचा क्रमांक कंपनीवर सोपवला तर भाडे आणखी उतरते, पण मग नाचघराच्या डोक्यावर खोली आली तर तक्रार करता येत नाही.

सर्वांत मोठी सवलत जिच्याकडे लोक बघतच नाहीत ती म्हणजे एकजुटीची. पुष्कळ कंपन्यांत रिवाज असा, की सोळा माणसांचा गट झाला, म्हणजे आठ खोल्या, तर एका माणसाचे भाडे सुटते. ही सूट एजंट बहुधा स्वतःच्या खिशात घालतो किंवा गटाच्या म्होरक्याला देतो. गटाने आधीच ठरवावे की ही रक्कम सोळा जणांत वाटायची, आणि तसे एजंटाकडून लिहून घ्यावे. एजंटाला कंपनीकडून दलाली मिळत असते. तुम्ही त्याच्याकडे गेलात म्हणून भाडे वाढत नाही. तेव्हा भाडे कमी करता येत नाही असे तो म्हणाला तर वाद घालू नये. दलालीतून काय देता ते विचारावे, आणि तीन एजंटांना एकाच दिवशी विचारावे. आगाऊ रक्कम भरल्यावर आणि अखेरची रक्कम भरायच्या तारखेपूर्वी भाडे उतरले तर नवा दर मिळेल का, हेही आरंभीच विचारावे. पुष्कळ ठिकाणी तो मिळतो, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. आणि रक्कम परत न मिळण्याच्या अटीवर जे भाडे स्वस्त असते, ते पंचावन्न वयाच्या पुढच्या माणसाने सहसा घेऊ नये. आपल्या वयात सहल रद्द व्हायला आपल्या मनात असावे लागत नाही.

आता कागदाच्या मागची बाजू. २०२५ साली कार्निव्हल पनामात नोंदलेली होती, रॉयल कॅरिबियन लायबेरियात, नॉर्वेजियन बर्म्युडात. तिघींची कचेरी मात्र मायामीच्या परिसरात. असे का, हे जहाजकामगारांना विचारा. परदेशी झेंड्याखाली बोटी चालवून कर आणि कामगार कायदे चुकवण्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ १९४८ पासून मोहीम चालवतो आहे. गिऱ्हाइकाला याचा चटका बसतो तो तक्रारीच्या वेळी. वॉशिंग्टन राज्यातली एक बाई मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ बोटीवर पाय घसरून पडली. तिने आपल्या गावच्या बाजूला दावा लावला. तिकिटावर छापले होते, की दावा फ्लोरिडातच लावावा. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९१ साली निकाल कंपनीच्या बाजूने झाला, की तिकिटावरची अट बंधनकारक. ती बाई त्याच देशातली होती. आपण तर सात समुद्रांपलीकडचे. म्हणून सांगतो, विमा उतरवल्याशिवाय जाऊ नका. बोटीवरचा डॉक्टर फुकट नसतो, आणि बोटीवरून दवाखान्यात हलवायची वेळ आली तर त्या खर्चात इथे एक घर होते.

व्हिसा हा आपल्याच लोकांचा खर्च, म्हणून परदेशी सल्लागार तो सांगत नाहीत. सिअ‍ॅटलहून अलास्काला जाणारी बोट कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदराला लागते. हे लहर म्हणून नव्हे. परदेशी झेंड्याच्या बोटीने मधे परदेशी बंदर घेतल्याशिवाय अमेरिकन बंदरांतून उतारू फिरवून आणू नयेत, असा १८८६ सालचा कायदा आहे. त्या दीडशे वर्षांकडे झुकलेल्या कायद्यापायी आपल्याला दोन देशांचे व्हिसे काढावे लागतात. भूमध्य समुद्रातली बोट तुर्कस्तानला लागून परतणार असेल तर शेंगेनचा व्हिसा एकापेक्षा अधिक वेळा प्रवेशाचा हवा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर एजंट जो आयकर आगाऊ घेतो तो विवरणपत्र भरून परत मागता येतो. पुष्कळ निवृत्त मंडळी तो सोडून देतात. आणि पूर्ण रक्कम वर्षभर आधी भरण्याचा मोह टाळावा. मुंबईहून 'कर्णिका' बोट चालवणारी कंपनी २०२० साली बंद झाली आणि ती बोट अलंगला भंगारात गेली. आपल्या लोकांच्या ओळखीच्या स्टार क्रूझेसची मालक कंपनी २०२२ च्या जानेवारीत दिवाळखोरीत निघाली.

इथवर मी तुम्हांला घासाघीस करायला सांगितले. आता एक जागा सांगतो, जिथे ती करू नये.

अमेरिकन पद्धतीच्या बोटींवर माणशी दररोज साधारण १६ ते २० डॉलर बक्षिसी म्हणून खात्यावर चढते. अठरा धरले तर जोडप्याचे सात रात्रींचे २५२ डॉलर झाले. पुष्कळ बोटींवर हा आकार सक्तीचा नसतो. पर्सरच्या टेबलाशी जाऊन काढून टाका म्हटले तर काढतात. स्वस्तात सहल करण्याच्या युक्त्या सांगणारे ही युक्ती मोठ्या खुशीने सांगतात. ही रक्कम कुणाची, ते त्यांतले फारसे कोणी सांगत नाही. तुमचा बिछाना घालणारा, ताट वाढणारा, भांडी घासणारा यांच्या मिळकतीचा मोठा भाग पुष्कळ बोटींवर या बक्षिसीतून येतो. म्हणजे मालकाने मजुरीचा एक भाग भाड्यातून काढून बाहेर टांगला, त्यामुळे जाहिरातीतला आकडा लहान दिसला, आणि ती मजुरी द्यायची की नाही हे तुमच्या मर्जीवर सोडले. तुम्ही ती काढलीत तर मालकाचा एक पैसा जात नाही.

ही माणसे परकी नाहीत. गोव्यातून, रत्नागिरी-रायगडातून, मुंबईच्या उपनगरांतून मुले बोटीवर जातात. या सभागृहातही अशी घरे असतील. २०१३ साली अमलात आलेल्या आणि २०१५ साली भारताने मान्य केलेल्या सागरी कामगार कराराप्रमाणे त्यांना चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात सत्त्याहत्तर तास विश्रांती द्यावी लागते. आठवड्याचे तास १६८. वजाबाकी करून पाहा; एक्क्याण्णव तास काम घेऊनही करार मोडला असे होत नाही. सुट्टीचा वार नाही, सहा-सहा, नऊ-नऊ महिने घर नाही. २०२० च्या फेब्रुवारीत जपानमध्ये योकोहामाला 'डायमंड प्रिन्सेस' बोट साथीमुळे अडकली. बोटीवर ३७११ माणसे होती. उतारूंना खोल्यांत बंद करून ठेवले आणि त्यांच्या दारापर्यंत जेवण पोचवत राहिले ते नोकर, जे स्वतः एका खोलीत दोघे-तिघे झोपत होते. त्यांत १३२ भारतीय होते.

कोणी म्हणेल, बक्षिसी देऊन आपण मालकाच्या या चालीला हातभारच लावतो. आक्षेप खोटा नाही. पण त्याचा इलाज तिकीट घेताना करायचा, उतरताना नव्हे. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेस कंपनीने २०१९ पासून ही रक्कम भाड्यातच घातली. वेगळी बक्षिसी घेणे बंद केले. अशा आणखीही कंपन्या आहेत. वहीच्या पानावर बक्षिसी धरून बेरीज केलीत, तर या कंपन्या वाटतात तितक्या महाग नाहीत हे दिसेल. दुसऱ्या कंपनीने गेलात तर ती रक्कम तिकिटाबरोबरच आगाऊ भरून टाकावी, म्हणजे शेवटच्या दिवशी बिल पाहून मन डळमळत नाही.

आणि ज्यांची मुले या नोकरीवर जाऊ पाहतात त्यांना एवढेच सांगतो, की नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणे बेकायदा आहे. पासपोर्ट, खलाशाचे पुस्तक आणि वैद्यकीय दाखला यांपलीकडे एजंटाने रक्कम मागितली तर नौवहन महासंचालनालयाच्या परवानाधारकांच्या यादीत त्याचे नाव आधी पाहावे.

चालकांनी घड्याळ दाखवले आहे. चिठ्ठ्या बऱ्याच आल्या आहेत, वरचीच वाचतो. एका भगिनीने विचारले आहे, की मी एकटी आहे, खोलीचे दुप्पट भाडे मागतात, काय करावे? ताई, हा अन्याय सर्रास आहे. २०१० साली 'नॉर्वेजियन एपिक' बोटीवर एकट्या प्रवाशासाठी १२८ लहान खोल्या काढल्या, आणि आता तशा खोल्या इतर काही बोटींवरही मिळतात. संख्येने थोड्या असतात, म्हणून त्या आठ-दहा महिने आधीच धराव्या. इथे उशिरा घेण्याची युक्ती चालत नाही. ते न जमल्यास हंगामाच्या कडेला, बोट रिकामी असताना, एकट्याचा जादा आकार कमी करतात का ते विचारावे. आणि या सभागृहात तुमच्यासारख्या आणखी सात-आठ जणी असतील, तर मघाशी सांगितलेला सोळांचा गट इथेच निम्मा झाला. नावे दाराशी बसलेल्या चिटणिसांकडे देऊन जा.